काकीचं पाणी

गेल्या शनिवारी दुपारी मी परळला गेले ती चंद्राकाकीची बांधाबांध करायला. आमची चाळ आता पाडणार आहेत. खालचे दोन मजले केव्हाच रिकामे झाले, दारं-खिडक्या भंगारवाल्याने उचकटून नेल्या, आणि जिथे दारं होती तिथून आता लोकांच्या भिंती दिसतात. कुणाची गुलाबी, कुणाची पोपटी. इतकी वर्षं शेजारी राहूनही हे रंग मी कधी नीट पाहिले नव्हते, कारण भिंत दिसेल एवढी मोकळी जागा कुणाच्याच घरात नव्हती. तिसऱ्या मजल्यावर गॅलरीच्या टोकाची एक खोली तेवढी राहती होती. ती काकीची.

संध्याकाळच्या बसने ती गावाला जाणार होती आणि परत येणार नव्हती. पुतण्या न्यायला आला होता. काकीला जायचं नव्हतं. मे महिन्यात मी तिच्याकडे आंबे घेऊन गेले होते, तेव्हा तिने मला सरळ सांगितलं होतं, "माका गावाक जावचा नाय गो. थय माझा कोण हा? मी हयच बरी." मी म्हटलं, बघू आपण काहीतरी. त्यानंतर तिने तो विषय पुन्हा काढला नाही. आम्हीही काढला नाही.

जिना अजून तसाच आहे, हात लावून लावून गुळगुळीत झालेल्या लाकडी कठड्याचा. पूर्वी या जिन्यात मजल्यामजल्याचा वेगळा वास असायचा. तळमजल्यावर ओल्या लाद्यांचा आणि नळाखालच्या शेवाळाचा, पहिल्यावर भाजलेल्या सुकटीचा, दुसऱ्यावर उदबत्ती आणि रॉकेल यांचा मिळून. डोळे बांधून वर आणलं असतं तरी मी मजला बरोबर सांगितला असता. शनिवारी सगळीकडे नुसता सिमेंटच्या धुळीचा वास होता. तिसऱ्या मजल्यावर पोचले आणि फिनेलचा वास आला. म्हणजे जायच्या दिवशीही काकीने लादी पुसली होती. पाडायच्या खोलीची लादी! मला हसू आलं, मग रडू यायला लागलं, म्हणून मी गॅलरीत जरा थांबले.

चंद्राकाकी आमच्या नात्यातली नव्हे. चाळीत ती सगळ्यांची काकी होती, माझ्या आईचीही. परळच्याच एका हॉस्पिटलात ती आया होती. तिचे यजमान एका गणपतीत गावाला गेले ते परत आले नाहीत. का, ते मला माहीत नाही. लहानपणी विचारलं तर आई पाठीत धपाटा घालायची आणि मोठेपणी विचारायचं राहून गेलं. ते हयात आहेत की नाहीत याचाही पत्ता नव्हता, त्यामुळे काकीला सवाष्ण म्हणायचं की नाही, हे चाळीला अखेरपर्यंत ठरवता आलं नाही. ती कुंकू लावायची, मंगळसूत्र घालायची. पण चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिला बोलवायचं का, असा प्रश्न निघाला की बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायच्या. यातून वाट काकीनेच काढली. हळदीकुंकू असो, डोहाळजेवण असो, बारसं असो, ती आधीच सांगून टाकायची, "माझी ड्यूटी हा." सगळ्या सुटायच्या. मग वाटली डाळ आणि पन्ह्याचा पेला तिच्या दाराशी झाकून ठेवला जायचा. तो ठेवायला बहुतेक वेळा मीच जायचे.

आमच्या खोल्या सगळ्या सारख्याच. एक खोली, कोपऱ्यात मोरी, वर माळा. त्यात आजोबा, आई-बाबा, दादा, मी, दोन काका आणि गावाहून कामाला आलेला कुणी ना कुणी. पुरुष माणसं गॅलरीत झोपायची. दादाचे पाय शेजाऱ्यांच्या उंबऱ्यापर्यंत जायचे आणि पहाटे ते लोक त्याच्या पायांवरून उडी मारून नळाला जायचे. घरोघरी हीच तऱ्हा. भांडायला जागा होती, रुसायला नव्हती. रुसलेलं माणूस जाणार कुठे? गच्चीला कुलूप आणि संडासाला रांग. अशा घरात मुलाचं लग्न झालं की त्या दोघांनी काय करावं, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नसे. पण तो सगळ्यांना पडलेला असे.

काकी एकटी होती आणि तिला रात्रपाळी असायची. रात्रभर तिची खोली रिकामी. माझ्या जन्माच्याही आधी कुणाच्या तरी लग्नात तिने पहिल्यांदा किल्ली दिली असणार, आणि मग तो रिवाजच पडला. लग्न ठरलं की मुलाची आई नारळ घेऊन काकीकडे जायची. इकडच्या तिकडच्या गोष्टी व्हायच्या, खोलीचा शब्द कुणी काढायचं नाही. निघताना काकीच विचारायची, "कधीपासून?" एवढ्यावर सगळं ठरायचं. पुढे पंधरा-वीस दिवस, सून पहिल्यांदा माहेरी जाईपर्यंत, रात्रीची ती खोली त्या दोघांची. लग्नाच्या दिवशी संध्याकाळी काकी पिशवी घेऊन कामाला निघायची आणि जाता जाता किल्ली नव्या सुनेच्या ओटीत टाकायची. एरवी ओटी भरायला तिला कुणी बोलावत नसे. पण किल्ली ती ओटीतच टाकायची, आणि तिथे हरकत घेण्याची कुणाची छाती नव्हती.

बदल्यात तिची एकच अट असायची. पाणी. पालिकेचं पाणी पहाटे यायचं, तेही खाली चौकातल्या नळाला, आणि काकी ड्यूटीवरून येईपर्यंत ते गेलेलं असायचं. तेव्हा तिचं पिंप नवऱ्या मुलाने भरून ठेवायचं. नव्या सुनेने नव्हे, नवऱ्याने. काल घोड्यावर बसलेला बाप्या आज पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात दोन हातांत दोन बादल्या घेऊन तीन मजले चढतोय, आणि अख्खी चाळ तोंडात दातवण घालून गॅलरीत उभी! "काय रे, झोप झाली का?" "बादल्या जड वाटतायत वाटतं आज." "अरे हळू, पिंप काकीचं आहे, तुझ्या सासऱ्याचं नाही." म्हातारे खाकरायचे, बायका पदराआड हसायच्या, आणि तो बिचारा कानापर्यंत लाल होऊन पायऱ्या मोजत वर जायचा. म्हणून आमच्याकडे "यंदा लग्न कुणाचं" असं कुणी विचारत नसे. "यंदा काकीचं पाणी कोण भरणार?" असं विचारायचे. लग्नाला नाही म्हणणाऱ्या मुलाला त्याची आई दम द्यायची, "तुझ्या हातनं काकीचं पिंप भरून घेतलं नाही तर बघ."

खोलीत एक खाट होती. चाळीत आम्ही सगळे जमिनीवर झोपणारे, त्यामुळे त्या खाटेचं भारी अप्रूप. हॉस्पिटलने जुनं सामान काढलं तेव्हा काकीने ती आणली होती. लोखंडी, पांढऱ्या रंगाची, आणि डोक्याकडची बाजू हँडल फिरवून वरखाली करता येणारी. ती भयंकर करकरायची. लग्नाच्या आदल्या दिवशी चाळीतलं कुणीतरी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन खाटेखाली शिरायचं. लहानपणी मला वाटायचं, हाही लग्नाचा विधीच आहे. आधी हळद, मग देवदेवक, मग खाटेला तेल. एकदा आत्याच्या लग्नात, विरारला, मी भर मांडवात विचारलं होतं, "खाटेला तेल कधी घालणार?" आईने मला उचलून बाहेर नेलं.

झाडलोट आम्हा मुलींकडे. काकीच्या खोलीला कायम फिनेलचा आणि स्पिरिटचा वास यायचा, तो घालवायला आम्ही फुलं नेऊन ठेवायचो. माघात-फाल्गुनात लग्न असलं तर गावाहून आलेल्या सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, एरवी अबोली, नाहीतर दादरच्या बाजारातला स्वस्तातला मोगरा. वास काही जायचा नाही. दोन्ही वास एकमेकांत मिसळून तिसराच काहीतरी व्हायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी काकीच्या छोट्या आरशाच्या चौकटीवर एक नवी टिकली चिकटवलेली दिसायची. रात्री तोंड धुताना काढलेली. काकीने त्या टिकल्या कधी खरवडल्या नाहीत. चौकट भरली तेव्हा पुढच्या सुनांनी भिंतीवर चिकटवायला सुरुवात केली. कितीतरी रंग होते त्यांत. मेण लावून कुंकू लावणाऱ्यांच्या मात्र काही खुणा राहिल्या नाहीत.

सकाळी काकी यायची ती खोकत. पहिल्या मजल्यापासूनच ती जोरजोरात खोकायला लागायची, म्हणजे वर सावध व्हावं. तिला खोकला वगैरे काही नव्हता. मग सून चहा करायची आणि काकी तो दारातच उभ्या उभ्या प्यायची. आमच्या चाळीतल्या कितीतरी सुनांचा पहिला चहा सासूच्या आधी काकीने प्यायला आहे. "साखर कमी," एवढंच ती सगळ्यांना म्हणायची. कितीही घातली तरी.

दादाचं लग्न वैशाखात झालं. तो उकाडा मला अजून आठवतो. गॅलरीत वाळत घातलेली सांडगी मिरची, माळ्यावरच्या फणसाचा घमघमाट, आणि घरात पाहुणे इतके की माझी आई पोळ्या लाटायला शेजारी जायची. लग्नाआधी ती नारळ घेऊन काकीकडे गेली, मी बरोबर होते. जिन्यातून येताना मी म्हटलं, "आई, किती दिवस त्रास द्यायचा त्यांना?" आई म्हणाली, "त्रास कसला? काकींना काय, रात्रपाळीच असते."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दादाने काकीचं पाणी भरलं. तिसऱ्या खेपेला बादली सुटली आणि दुसऱ्या मजल्यावरून खाली धबधबा लागला. तळमजल्यावरचे एक आजोबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि ओरडले, "कोण आहे रे तो उतावळा?" त्यावर चाळ पुढची कितीतरी वर्षं हसली. वहिनी आता पन्नाशीच्या घरात आहे. ती अजून सांगते, की हॉस्पिटलात कुणाला भेटायला गेलं आणि फिनेलचा वास आला की तिला लाज वाटते. लोक तिथे आजारी पडलेले असतात आणि ही बया लाजते.

नंतर ते सगळं हळूहळू संपलं. लग्नं हॉलमध्ये व्हायला लागली, तिथूनच जोडपी महाबळेश्वरला जायला लागली. कुणी डोंबिवलीला घर घेतलं, कुणी नालासोपाऱ्याला. चाळीत पंप आला, घरोघरी नळ आला. काकीचं पिंप उलटं करून त्यावर तिने तुळस ठेवली. माझं लग्न होऊन मी दादरला गेले. आई गेली, बाबा गेले. आता चाळीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर कुणाच्या मुलाचं ठरलं की एखादा जुना माणूस लिहितो, "चला, काकीचं पाणी भरायची वेळ झाली!" आणि नवी मुलं प्रश्नचिन्हं टाकतात.

चाळ पाडून टॉवर होणार हे ठरलं तेव्हा गॅलरीत मिटिंग झाली. मी गेले होते. दोन तास गाड्या कुठे लावायच्या यावर वाद. ज्यांच्या बापांनी सायकल जिन्याला बांधून ठेवली ती मंडळी पोडियम, बेसमेंट असले शब्द तोंडातून काढत होती. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. मग कुणीतरी म्हणालं, "काकीचं काय?"

काकीची खोली तिच्या थोरल्या दिरांच्या नावावर. ते गेल्यावर ती त्यांच्या मुलाच्या, म्हणजे बाबीच्या नावावर झाली. बाबी गावाला असतो, बागायत करतो, माणूस वाईट नाही. नव्या इमारतीतली जागा त्याची, मधल्या काळाचं भाडंही त्याचं. कायद्याने सगळं बरोबर आहे. त्याने फोनवर सांगितलं होतं, की काकीला मी गावाला नेतो, मरेपर्यंत सांभाळतो. पण काकीला परळ सोडायचं नाही, हे तोवर सगळ्यांच्या कानावर गेलेलं होतं. मीच ते घातलं होतं.

तिथे बसलेल्या निम्म्या जोडप्यांनी आपले पहिले दिवस त्या टोकाच्या खोलीत काढलेले.

"आमच्याकडे आणली असती हो," एक जण म्हणाला, "पण भाड्याची जागा चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिला झेपेल का?"

"आमच्याकडे मुलीची बारावी."

"काकीला एकटं राहायची सवय. दुसऱ्याच्या घरात तिलाच अवघडल्यासारखं होईल."

दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "वन बीएचके आहे गं. पोराचं, समीरचंही लग्न पुढच्या वर्षी बघायचंय." वहिनी पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. माझ्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांची बाई दिवसरात्र हॉलमध्ये, आम्ही दोघं आणि मुलगी आतल्या खोलीत. हे मीही तिथे सांगितलं. सगळ्यांची कारणं खरी होती. एकही खोटं नव्हतं, हेच मला फार लागलं. मग पुन्हा गाड्यांचा विषय निघाला.

तर शनिवारी मी आणि वहिनी काकीची बांधाबांध करत होतो. फार काही नव्हतंच. चार पातळं, देव, पितळी डबे, एक स्टोव्ह. खाट न्यायला कुणी तयार नव्हतं, ती तिथेच राहणार होती. पंचाऐंशीच्या पुढची काकी मध्येच उठून काहीतरी हातात घ्यायची आणि परत ठेवायची. वहिनीने खुंटीवरची कापडी पिशवी काढली. आत एक शाल, हातपंखा आणि चपटा डबा.

"ही ड्यूटीची पिशवी ना, काकी? अजून ठेवलीत?"

"घाल ती बॅगेत. पंखो बरो हा अजून."

"हॉस्पिटलात हातपंखा कशाला लागायचा? तिथे पंखे नव्हते?"

"वॉर्डात होते. बाकड्यार खयचे? डास फोडून खायत."

"बाकड्यावर कशाला बसायचात तुम्ही?"

काकी हसली. एवढी साधी गोष्ट हिला कशी माहीत नाही, असं तिला वाटलं असावं. "अगो, तुझ्या लग्नाच्या वक्ताक माझी ड्यूटी खय होती? रिटायर होऊन दोन वर्सां झाली होती. मगे रात्रीचा जावचा खय? पेशंटांचे लोक बसतत ना भायर, थय बसायचंय. वॉचमन वळखीचो. कोण काय विचारीत नसा. सगळ्यांका वाटायचा, हिचा कोणतरी आत असा."

वहिनी हातातली शाल तशीच धरून खाटेवर बसली. खाट करकरली.

काकी रिटायर झाली तेव्हा तिने पेढे वाटले होते. तिसऱ्या मजल्यावर मी वाटले होते, ताटलीवर क्रोशाचा रुमाल घालून. आईने दोन खाल्ले. सगळ्यांनी खाल्ले, सगळ्यांनी म्हटलं, काकी, सुटलात बाई एकदाच्या. आणि पुढचं लग्न निघालं तेव्हा त्याच सगळ्यांनी म्हटलं, काकींना काय, रात्रपाळीच असते. यात कुणाची लबाडी नव्हती. आम्हाला खरंच तसं वाटत होतं. रात्रीची काकी खोलीत नसते, हे आमच्या अंगवळणी पडलं होतं. ती का नसते, हे पुन्हा बघायचं असतं हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. दादानंतर आणखी किती लग्नं झाली ते मी मनात आठवून पाहिलं आणि मध्येच सोडून दिलं.

"तुम्ही सांगितलं का नाही, काकी?" वहिनीने विचारलं.

"काय सांगाचा? माझी ड्यूटी नाय, तुमी गॅलरीत निजा?"

आणि ती देवांच्या डब्याला दोरी बांधायला बसली. गाठ तिला घट्ट बसवता येईना, मी पुढे झाले तर म्हणाली, राहू दे, जमतंय.

बस लालबागच्या पुलाजवळून सुटते. दिवेलागणीला आम्ही काकीला घेऊन तिथे गेलो, तर अर्धी चाळ आलेली. ठाण्याहून, डोंबिवलीहून लोक आले होते. कुणी साडी आणली, कुणी चिवडा, कुणी गुडघ्यांना लावायचं तेल, कुणी गरम पाण्याची पिशवी. काकीच्या मांडीवर ठेवायला जागा उरली नाही तेव्हा लोक खिडकीतून बाजूच्या सीटवर ठेवायला लागले. सगळे रडत होते. खरंच रडत होते. पुरुषसुद्धा. "काकी, गणपतीला आम्ही गावाला आलो की येतो हं भेटायला." "काकी, फोन करत जा." "तब्येतीला जपा." काकी प्रत्येकाच्या तोंडावरून हात फिरवत होती. जा म्हणत नव्हतं कुणी आणि राहा म्हणत नव्हतं कुणी.

वहिनी एकदम पुढे झाली. गर्दीतून कोपराने वाट काढत तिने खिडकीचा गज धरला. "काकी, उतरा. मी बॅग काढायला सांगते. आमच्याकडे चला."

काकीने वहिनीकडे पाहिलं, मग तिच्यामागे उभ्या असलेल्या दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "हो ना, काकी. चला की. काही दिवस तरी..."

'काही दिवस' हे त्याच्या तोंडून गेलं. त्याला कळलंही नसेल. मला कळलं, वहिनीला कळलं. काकीला तर कळलंच.

"खुळी काय गो तू?" काकी वहिनीला म्हणाली, आणि हसली. "गावाक बाबीन माका वायली खोली दिल्यान हा. नवी लादी घातल्यान, पंखो लायल्यान. आता दार लावून सुखान निजतलंय. आणि तुझ्या हॉलात कित्याक येव?"

सगळ्यांच्या तोंडावर तजेला आला. एक जण म्हणाला, "बघा! काकी आता मालकीण झाली." हसाहशी झाली. मलाही बरं वाटलं. वहिनीने गज सोडला आणि डोळे पुसले. बसचा माणूस हाका मारायला लागला, चला चला, बसून घ्या.

बाबी खाली डिकीत शेवटची बॅग सरकवत होता. मी त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, "बाबी, बरं केलंस रे. तिला स्वतंत्र खोली दिलीस."

त्याने हात झटकले. "खोलीचं काय सांगू, ताई. दिलेली ना. आतली खोली, खास काकीसाठी लादी घातली. पण आमच्या मोठ्याचं लग्न झालं आत्ता वैशाखात. काकीनेच फोन करून सांगितलं, खोली त्या दोघांना दे. मी म्हटलं, नाही, तुमची खोली तुमचीच. तर ऐकायलाच तयार नाही. म्हणाली, नाहीतर मी येणारच नाही." मग माझा चेहरा बघून तो घाईघाईने म्हणाला, "पडवीत खाट टाकलीय तिच्यासाठी. ग्रिल लावून घेतलंय, पाऊस नाही येत आत. काळजी करू नका."

तो बसमध्ये चढला. बस सुटली. काकी काचेआडून हात हलवत राहिली, मग पुलाखालच्या वळणावर बस दिसेनाशी झाली. मंडळी थोडा वेळ तिथेच घोटाळली, एकमेकांच्या नव्या जागा कुठे आहेत ते विचारलं, आणि पांगली. दादा टॅक्सी बघायला पुढे गेला.

वहिनी माझा हात धरून चालत होती. रस्ता ओलांडताना म्हणाली, "निदान खोली तरी मिळाली हो, वन्सं. दार लावून झोपतील बिचाऱ्या."

"हो," मी म्हटलं.